टीव्हीत कोंडलेले मगदूम सर

मगदूम सर आधी मारायचे, मग गणित वाचून दाखवायचे. "अंग गरम झाल्याबिगर डोकं चालत न्हाय," हे त्यांचं शास्त्र. नव्वदच्या दशकात राजारामपुरीतल्या त्यांच्या क्लासमधून आम्ही दहावीची पोरं लाल गालांनी बाहेर पडायचो, तेव्हा समोरचा पानवाला ओरडायचा, "काय पावणं, आज भूमिती व्हय?"

एकदा मात्र आमच्यातल्या सदाच्या कानातून रक्त आलं. त्याचे वडील तालमीतले वस्ताद. त्यांनी सरांची कॉलर धरून त्यांना भिंतीला चिकटवलं. "मास्तर, परत एका पोरावर हात पडला तर क्लासला कुलूप घालतो, आन् किल्ली रंकाळ्यात!"

सर आपल्या हाताला चांगलं ओळखून होते. त्यांनी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मेव्हण्याला गाठलं, सगळे धडे व्हिडिओ कॅसेटवर भरून घेतले, वर्गात टीव्ही लावला आणि स्वतः दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. कॅसेटी जुन्या लग्नांच्या. समीकरण सुटलं रे सुटलं की कुणाची तरी नवरी रडत सासरी निघायची.

आमची चैनच झाली! पडद्यावरचे सर फळ्यावर डस्टर आपटत गरजायचे, "मुडदा बशिवला तुझा, चिन्ह बघ की!" आम्ही तेवढंच मागे घेऊन पुन्हा पुन्हा शिव्या खायचो. हात काही काचेबाहेर येत नव्हता.

एका दुपारी सदा उभा राहिला. "सर चुकल्यात."

सर दारातून आत. "कोण चुकलं म्हणलास?"

"तुम्ही. टीव्हीतलं तुम्ही. उणे तीन पलीकडं न्हेलं, उणेच ठेवलं."

सरांनी कॅसेट मागे घेतली. पाहिली. परत पाहिली. मानेची शीर टरारली. त्यांनी लाकडी डस्टर उचललं, सदानं डोळे गच्च मिटले, आणि हात त्याला ओलांडून थेट टीव्हीवर! "गाढवा! दहावीला शिकवतोस व्हय रं? चिन्ह बदलाय काय हुतं तुला?" एक रट्टा, दुसरा रट्टा. तिसऱ्याला धाडकन काच फुटली, धूर निघाला, आणि सरांचा तळवा मनगटापर्यंत फाटला.

रक्त फरशीवर गळत होतं. सर धापा टाकत सदाला म्हणाले, "तुझ्या बाला सांग. हात पोरावर न्हाय पडला."

मग डाव्या हातानं त्यांनी खडू पुढे केला. "हा हात आता कामाचा न्हाय. चल, फळा गाठ."

सदा पुटपुटत एकेक पायरी लिहू लागला. सर हाताला रुमाल गुंडाळत आमच्या शेवटच्या बाकावर येऊन बसले.

"मोठ्यानं सांग की रं," ते म्हणाले. "हितं मागं ऐकू येत न्हाय."