तेल पाजलेलं चाक

आमच्या मामेसासऱ्यांना देवानं डोळे निव्वळ शोभेसाठी दिले होते; त्यांचा सगळा संसार कानांवर चालायचा. रेडिओसाठी ध्वनिरूपकं करणं ही त्यांची नोकरी, पण ती घरातही सुटत नसे. नुसती फोडणी ऐकून ते "आज तेल तापलं नव्हतं" असं जाहीर करत आणि मामी उलथनं घेऊन बाहेर येत. एकदा मी माझ्या बदलीचं रडगाणं गात होतो, तर मामा बोट वर करून म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून सांगा, मधे कुत्रं भुंकलं." असल्या माणसावर रागवायचं तरी किती!

जळकोटला आमच्या विहिरीवर इंजिन बसायचं ठरलं, तेव्हा मोट कायमची सुटण्याआधी तिच्या चाकाची करकर टिपून ठेवायला मामा पोत्याएवढं यंत्र घेऊन हजर झाले. हातात दोनच दिवस होते. बैल निघाले, मोट वर आली, आणि चाक अगदी मुकाट फिरलं. रेडिओचा पाहुणा येणार म्हणून माझ्या वडिलांनी पहाटेच त्याला तेल पाजलं होतं!

"अहो व्याही, मला त्याची करकरच हवी होती!" मामा रडकुंडीला आले.

"रेडिओवर कुरकुर बरी दिसंल व्हय?" वडील म्हणाले. "लोक म्हनतील, ह्यास्नी तेल बी मिळंना."

मग दोन दिवस वडील राख चोळून तेल काढत होते आणि मामा शेजारी यंत्र चालू ठेवून बसले होते. दुसऱ्या दिवशी दिवस मावळता मावळता चाक एकदाचं करकरलं. दोघांनी एकमेकांना मिठी मारली.

रूपक लागलं तेव्हा चावडीवर गाव लोटलं. चाक वाजलं, पाणी वाजलं, घुंगरं वाजली. वडिलांचा आवाज मात्र कुठंच नाही. मी मनातून चिडलो. वडील म्हणाले, "चाक वाजलं की! म्या कशाला पायजे?"

पुढच्या वर्षी वडील गेले. आई बोलेनाशी झाली. तेराव्याला मामा पुन्हा ते यंत्र घेऊन आले. रूपक जुळवताना ब्लेडनं कापून काढलेल्या फितीचे तुकडे त्यांनी फेकले नव्हते. सगळे चिकटवून एक रीळ केलं होतं. वडील त्यात खोकत होते, राख चोळत होते, तेलावरून वाद घालत होते. मधेच हाक आली, "आगं, पाव्हण्यास्नी च्या टाक!"

आई पदर सावरून उठली. "व्हय, टाकते," म्हणाली आणि चुलीकडं गेली.

तेरा दिवसांत तिचा तो पहिला शब्द. मामांचे हे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत. मी काही बोलणार, तोच त्यांनी सवयीनं बोट वर केलं. आत चहाला उकळी फुटत होती.