सहावे पोते

आमच्याकडे बंद पडलेल्या मोटारीला ‘डकोटा’ म्हणतात. हे नाव ज्याने पाडले त्याने त्या नावाचे विमान पाहिले नसावे. मी आसाममधील एका तळावर त्या विमानातून बारा वर्षे शिधा टाकला आहे. तेव्हा मी नाईक होतो, निवृत्त झालो सुभेदार म्हणून. आमच्या कंपनीच्या माजी सैनिकांची स्मरणिका निघत आहे आणि तिच्यात एका सकाळविषयी दोन परस्परविरोधी हकिकती आल्या आहेत. एक माझी, दुसरी हवालदार पवार यांची. संपादकांनी निर्णय माझ्यावर सोपवला, कारण हुद्द्याने मी ज्येष्ठ. म्हणून हे लिहितो.

प्रथम नागरिक वाचकांसाठी आमचे काम सांगतो. आम्ही वैमानिक नव्हतो. आम्ही लष्कराच्या पुरवठा विभागाचे जवान. हवाई दलाचे वैमानिक विमान चालवत आणि आम्ही मागे उभे राहून, रस्ता नसलेल्या सरहद्दीवरील चौक्यांसाठी पोती बाहेर ढकलत असू. काही जण आम्हाला विमानातले हमाल म्हणत. त्यांच्याशी मी आयुष्यभर भांडलो आणि त्या भांडणाबद्दल मला आजही खेद नाही.

डकोटाला मागच्या बाजूस, डाव्या अंगाला, मोठा दरवाजा असतो. शिधा टाकताना दरवाजाचे दार काढून ठेवलेले असे. वर दोन दिवे. हिरवा लागून घंटा वाजली की ढकलायचे, लाल लागून पुन्हा घंटा वाजली की हात जागच्या जागी थांबवायचे. दिव्यांचे बटण पायलटच्या हाताशी असे. एका फेरीत हिरवा दिवा आठ सेकंद राही. आमच्या हाताला वेग होता: दोन सेकंदांना एक पोते, म्हणजे एका फेरीत चार. मग विमान वळसा घालून पुन्हा त्याच जागेवर येई.

आमच्यात एक अलिखित नियम होता. पोते परत आणायचे नाही. शिल्लक पोती घेऊन उतरलेल्या तुकडीची मेसमध्ये आठवडाभर थट्टा होई. ‘काय रे, बाजार करून आलास?’ असे विचारत. माझ्या तुकडीला हा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता.

त्या दिवशी तीन तीसला उठलो. सहा दहाला विमान उडाले. पुढे चौघे हवाई दलाचे, त्यांचे प्रमुख फ्लाइट लेफ्टनंट थॉमस. मागे आम्ही तिघे: मी, पवार (तेव्हा लान्स नाईक) आणि शिपाई रामचंद्र शेडगे. शेडगे वाई तालुक्यातला, वय बावीस. सिगारेट ओढत नसे, पण शिध्यातला सिगारेटचा वाटा घेऊन तो पवारला देई आणि बदल्यात त्याच्याकडून घरची पत्रे लिहून घेई. सात पाचला चौकीवर पोहोचलो. तीन आठवडे ढगांमुळे तेथे काही टाकता आले नव्हते. चौकीत मीठ संपले होते. मीठ आम्ही आधी रचले होते, त्यामुळे ते आत गेले आणि काढताना शेवटी आले. यात कोणाचा दोष नव्हता.

सात पंचेचाळीसला सहा पोती उरली. चार तांदळाची, दोन मिठाची. ढग उतरू लागले होते. इंटरकॉमवर थॉमस साहेबांचा आवाज आला.

“नायक, एक ही पास और मिलेगा।”

“ठीक है साब।”

“कितना बाकी?”

“सब हो जाएगा साब।”

सहा पोती एका फेरीत बसत नाहीत हे मला ठाऊक होते. मागची पोती ओढून पुढे आणायची तर कमरेचा पट्टा आड येतो. त्याचा हूक वरच्या तारेत अडकवलेला असतो. शेडगेने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “काढ.” त्याने हूक काढला.

सात अठ्ठेचाळीसला हिरवा लागला. एक, दोन, तीन, चार. पाचवे गेले. सहावे शेडगेच्या हातात होते, तेवढ्यात विमान डावीकडे कलले. दरवाजा जमिनीकडे झाला. पोते गेले आणि त्यामागोमाग शेडगे गेला. त्याने आवाज केला नाही, किंवा केला असेल तर इंजिनांत ऐकू आला नाही.

चौकशीत मला एकच महत्त्वाचा प्रश्न विचारला गेला.

“लाल बत्ती जली थी?”

“नहीं साब। हरी थी।”

हूक? शेडगेने स्वतःच काढला असावा, असे मी सांगितले. पवारला विचारले. तो म्हणाला, पोत्यांच्या मागे होतो, दिवा दिसला नाही. को-पायलटची नजर समोरच्या डोंगरावर होती. थॉमस साहेब म्हणाले, मी लाल दिला होता. त्यांच्या शब्दामागे कोणी उभे राहिले नाही. त्यांचे उड्डाण काढून घेण्यात आले.

त्यानंतर ते मला तळावर एकदाच भेटले. धावपट्टीच्या कडेला उभे होते. मी सॅल्यूट केला. ते हलक्या आवाजात म्हणाले, “नायक, बत्ती मैंने दी थी ना? मुझे लगता है, दी थी।”

मी म्हणालो, “मालूम नहीं साब।”

पुढे मी शेडगेच्या गावी गेलो आणि त्याच्या आईसमोर अंगणात उभे राहून सांगितले की, पायलट घाबरला आणि त्याने वेळेआधी विमान वळवले. हीच हकिकत मी माजी सैनिकांच्या प्रत्येक मेळाव्यात सांगितली. सोबत हेही सांगितले की, माझ्या तुकडीने शेवटच्या हिरव्यात सहा पोती टाकली. कोणत्याही तुकडीने सहा टाकलेली नाहीत. काही वर्षांनी पवार म्हणू लागला की दिवा लाल झाला होता. मी त्याला दोनशे लोकांसमोर खोटारडा म्हटले. त्यानंतर तो मेळाव्यांना येईनासा झाला.

आता पनवेलविषयी. मी राहतो त्या इमारतीची जमीन मूळची म्हात्र्यांची. इमारतही त्यांनीच बांधली. त्यांच्या घराण्याचे उरणच्या वाटेवर मिठागर होते. साठी उलटल्यावर त्यांना विमानांचा छंद लागला. तळमजल्यावरच्या कार्यालयात त्यांनी तीन मोठे पडदे, पायलटची खुर्ची, चाक आणि पायाखालची पेडल्स बसवून घेतली आहेत. संगणकाच्या या विमानाला सिम्युलेटर म्हणतात. म्हात्र्यांचे आवडते विमान मोठे प्रवासी जेट. ते नव्या विमानतळावरून उडवतात, लगेच उजवीकडे वळतात आणि दर वेळी बोट दाखवतात, “ते बघा, तिथं आमचं मिठागर व्हतं.”

मला त्यांनी पहिल्या दिवशी विचारले, “तुमाला कुठलं देऊ, सुबेदार? फायटर?”

“डकोटा.”

“आमची जीप बंद पडली की आमी तिला डकोटा बोलतो.”

“म्हणून ती बंद पडते,” मी म्हणालो.

डकोटा निवडण्याचे कारण आवड हे होतेच. दुसरे कारण मी त्यांना सांगितले नाही. बारा वर्षे मी त्या विमानात होतो, पण पुढे काय दिसते हे मी कधी पाहिले नव्हते. मला दिसे ते फक्त डाव्या दरवाजातून. या यंत्रात जगातले सगळे डोंगर उपग्रहाच्या छायाचित्रांवरून घेतलेले आहेत, असे कळल्यावर मी नदीच्या वळणावरून ती चौकीची दरी शोधून काढली. पवारची हकिकत स्मरणिकेकडे पोहोचली होती. मला सिद्ध करायचे होते की चौकीवरून पुढे विमान बारा सेकंद सरळ नेता येते. सहा पोती, बारा सेकंद. म्हणजे पायलट घाबरला.

तीन रविवार सकाळी मी तो प्रयत्न केला. म्हात्रे फोनच्या घड्याळावर सेकंद मोजत. चौकी आली की ते मोठ्याने म्हणत, “एक.” चौकीच्या पुढे डोंगराची भिंत आहे. ती दरवाजातून कधीच दिसत नसे. बाराला मी भिंतीत. अकराला भिंतीत. आठला वळलो की विमान आरामात निघे. दहाला वळलो तर पंखाखाली झाडे दिसत, पण निघे. दहाच्या पुढे एकदाही निघाले नाही.

“नाय जमत, सुबेदार,” म्हात्रे म्हणाले. “डोंगर काय तुमचा शिपाय हाय, बाजूला हो बोललं की व्हायला?”

“पुन्हा लावा.”

त्यांनी लावले. पुन्हा भिंत. मग ते चहाचा कप हातात घेऊन, कसलाही डाव मनात नसताना म्हणाले, “मला एक सांगा. तुमीच बोलता दोन सेकंदाला एक पोतं. सहा टाकली म्हंजे बारा झाले. हिरवा तर आठच व्हता. मंग पाचवं आन सहावं कुठल्या दिव्यात टाकलंत?”

मी खुर्चीतून उठलो. मिठागरवाल्याने मला ड्रॉपिंग शिकवू नये, असे म्हणालो आणि वर निघून आलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस जिना चढताना किती वेळा थांबतो ते मी त्या दिवशी मोजले. चार वेळा.

सिम्युलेटरने माझे डोळे उघडले, असे येथे लिहिणे सोयीचे होते. तसे लिहिले तर ते आणखी एक खोटे ठरेल. मी लाल दिवा पाहिला होता. चौथे पोते गेल्याबरोबर तो लागला. घंटाही वाजली. शेडगे थांबला होता. त्याने हात मागे घेतले होते. मी म्हणालो, “ढकल.” त्याने पाचवे ढकलले आणि सहाव्याला हात घातला. हे मला त्या सकाळपासून ठाऊक आहे.

यंत्राने मला शिकवले ते वेगळे. लाल दिवा दिल्यानंतर थॉमस साहेबांनी लगेच विमान वळवले नाही. वळवले असते तर पाचवे पोते जाताना आम्ही कललो असतो. पाचवे सरळ विमानातून गेले. म्हणजे समोर भिंत दिसत असताना त्यांनी आणखी दोन सेकंद, अगदी शेवटच्या क्षणापर्यंत, विमान सरळ धरले. मागे माणसे दारात आहेत हे त्यांच्या ध्यानात होते. त्यांनी वळवले नसते तर हे लिहायला मी नसतो. ज्या वळणाने मी जिवंत राहिलो त्या वळणाला मी इतकी वर्षे भित्रेपणा म्हणत आलो, आणि ज्या हाताने दिवा दिला त्या हाताविषयी त्याच्याच मालकाच्या मनात शंका घातली. थॉमस साहेब काही वर्षांपूर्वी केरळात वारले. त्यांची शंका फेडायला एक पोस्टकार्ड पुरले असते.

दुसऱ्या दिवशी मी पवारला फोन केला.

“पवार, दिवा लाल होता.”

“माहीत आहे.”

“चौकशीत गप्प का राहिलास?”

“तुम्ही नाईक होता.” मग म्हणाला, “शेडगेचे शेवटचे पत्र मी लिहिले होते. त्यात होते, आमचे नाईकसाहेब एकही पोते परत आणत नाहीत.”

त्याच दुपारी खाली जाऊन म्हात्र्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, “मिठागरवाला बोललात ते खरंच हाय की. बसा.” आणि खुर्ची पुसली.

स्मरणिकेच्या संपादकांना विनंती, पवार यांची हकिकत जशीच्या तशी छापावी, माझी काढून टाकावी आणि तिच्या जागी हे द्यावे. याची एक प्रत थॉमस साहेबांच्या मुलीला आणि एक शेडगेच्या धाकट्या भावाला पाठवली आहे. त्याची आई आता नाही. कोणाचेही उत्तर आलेले नाही. ते यावे अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकार नाही.

शिपाई रामचंद्र शेडगे यांना चौकीच्या जवानांनी नदीकाठी अग्नी दिला. मिठाची दोन्ही पोती त्यांना सापडली होती. एक फुटले होते.

अजूनही रविवारी सकाळी मी डकोटाच घेतो. दरीत शिरतो, म्हात्रे मोजतात. आठला मी मोठ्याने म्हणतो, “बस. हात मागे.” विमान वळते, भिंत उजवीकडे जाते.

“दोन राहिली, सुबेदार,” म्हात्रे म्हणतात.

“राहू द्या.”

मिठाची दोन पोती घेऊन मी तळावर उतरतो. इंजिने बंद करतो. मग माणसे मोजतो. पुढे चार, मागे तीन.