वाढीव जज्ज आणि तात्यांचा रस्ता

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द माझ्या डोळ्यांदेखत घडलाय. एका किश्शाच्या दिवशी मी रजेवर होतो, पण ते सोडा! वीस वर्षं आमच्या तालुक्याच्या कोर्टात वकिलाचा कारकून म्हणून वावरतोय. तिथं केसेस तुंबतात तसे किस्सेही तुंबतात. फरक एवढाच, किश्शाला तारीख घ्यावी लागत नाही.

*

कायदा झाला, जज्ज वाढणार! बाररूममध्ये वकिलांनी पेढे वाटले. त्यातला एक तात्यांनी उचलला. तात्या म्हणजे आमचे सगळ्यात जुने पक्षकार. भावकीनं त्यांच्या शेताचा रस्ता अडवलाय. मरायच्या आधी त्या रस्त्यानं एकदा ट्रॅक्टर न्यायचा, एवढीच इच्छा.

"आवं वकीलसाहेब, जज्ज वाढलं म्हंजी निकाल बी वाढणार की!"

"तात्या, आधी खोली तर वाढू द्या!"

*

नव्या जज्ज मॅडम आल्या, पण कोर्टहॉल नव्हता. मग रेकॉर्डरूम रिकामी करून गठ्ठे व्हरांड्यात रचले. मॅडम खुर्चीवर बसल्या. "पहिली केस घ्या. फाईल?"

शिपाई म्हणाला, "मॅडम, तुमाला जागा करायला तीच बाहेर काढली!"

अख्खं कोर्ट शोधायला लागलं. दुपारी सापडली. तात्या तिच्यावर बसून भाकरी खात होते!

*

मॅडम लय कडक. तात्यांनाच विचारलं, "तुमचे साक्षीदार कुठं आहेत?"

"पयला वारला."

"दुसरा?"

"त्यो पयल्याच्या तेराव्याला आला हुता. मग त्यो बी गेला."

"आणि तिसरा?"

"त्यो हाय. पर मॅडम, जरा घाई करा!"

*

मॅडमनी खरंच घाई केली. निकालाचा दिवस उजाडला. त्यांनी वाचायला चष्मा लावला आणि आमचे वकीलसाहेब सवयीनं उठले.

"मॅडम, पुढची तारीख मिळावी!"

"वकीलसाहेब, निकाल तुमच्या बाजूनं लागलाय."

"हो मॅडम. तरीपण तारीख मिळावी!"

तात्यांनी मागून त्यांचा काळा कोट ओढला. "बसा की आवं! माझा रस्ता घालवताय!"

आता कबूल करतो, यातला निकाल तेवढा माझ्या पदरचा. मॅडमची त्याआधीच बदली झाली. पण हे लिहितोय म्हटल्यावर तात्या म्हणाले, "गड्या, तुज्या गोष्टीत तरी निकाल लाव की!"