शेजवळ सरांची खासदारकी

आमच्या जनसंपर्क कार्यालयात खुर्च्या कायम कमी पडल्या, किस्से कधीच नाही. चहा आला की कोणीतरी म्हणायचं, "अरे, सरांचा परवाचा ऐकलास का?" आणि मग अर्धा तास कामाला सुट्टी. सर आतल्या खोलीत बसलेले असायचे. त्यांना सगळं ऐकू जायचं आणि किस्सा रंगात आला की आतून आवाज यायचा, "वैशाली, तपशील चुकतोय."

वैशाली म्हणजे मी. डोंबिवली पश्चिमेला कोपरच्या बाजूच्या शाळेत शेजवळ सर भूगोल शिकवायचे, तिथली मी विद्यार्थिनी. सर खासदार झाल्यावर त्यांनी मला ऑफिस सांभाळायला बोलावलं. त्या दिवसापासून आम्हा सगळ्यांची एकच धडपड होती, सर पुढच्या खेपेला परत निवडून आले पाहिजेत. एवढा सरळ माणूस आम्हाला पुन्हा मिळायचा नव्हता. वाटेत अडचण एकच होती, ती म्हणजे स्वतः सर.

*

सर राजकारणात आले कसे, ही पण गंमतच आहे. पक्षात दोन गट होते आणि तिकिटावरून त्यांची पार हमरीतुमरी चाललेली. शेवटी ज्याच्याशी कोणाचंच वाकडं नाही असा माणूस शोधायचं ठरलं. नुकतेच निवृत्त झालेले शेजवळ सर सापडले. दोन्ही गटांच्या नेत्यांची मुलं सरांच्याच हाताखालून गेलेली, त्यामुळे दोघांनाही सर आपलेच वाटले. सर म्हणायचे, "दोघांचीही मुलं गणितात कच्ची होती. पण मी भूगोलाचा, म्हणून वाचलो."

पहिली प्रचारसभा भरली. मैदान गच्च, ढोलताशे, घोषणा. सर माइकपाशी आले, हाताची घडी घातली आणि गप्प उभे राहिले. बराच वेळ झाला तरी बोलेनात. प्रचारप्रमुख मोरेकाकांना घाम फुटला. त्यांना वाटलं, म्हातारा भाषण विसरला. ते मागून कुजबुजले, "सर, बोला ना, पब्लिक वाट बघतेय."

सर माइकवरच म्हणाले, "मागच्या रांगेतल्या त्या दोघांचं बोलणं संपलं की सुरू करतो."

सगळ्या मैदानाने माना वळवून मागे बघितलं. ते दोघे म्हणजे आमच्याच पक्षाचे विभागप्रमुख!

*

त्याच प्रचारात सरांना आणखी एक खोड होती. भाषण संपलं की विचारायचे, "कोणाकोणाला समजलं? हात वर करा." सगळे हौसेने हात वर करायचे. लोकांना मजा यायची.

एकदा कल्याणच्या सभेत एका गृहस्थांनी हात वर केला नाही. सरांनी त्यांना उभं केलं, "काय समजलं नाही?" ते बिचारे म्हणाले, "ते पाण्याचं धरणापासूनचं." झालं. सरांनी धरण, जलवाहिनी, टाकी, चढउतार सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. हवेत बोटाने नकाशासुद्धा काढला. पुढच्या दोन चौकांतली माणसं वाट बघून घरी गेली. मोरेकाका डोक्याला हात लावून बसलेले.

जीपमध्ये बसताना सर खुशीत होते. म्हणाले, "शेवटी त्याने हात वर केला हां."

*

तरी सर निवडून आले, काठावर का होईना. मग दिल्ली. सरांचं लोकसभेतलं पहिलं भाषण टीव्हीवर दाखवणार म्हणून आम्ही ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. पेढे आणलेले. सरांच्या पत्नी, आम्ही त्यांना बाई म्हणतो, त्या पुढच्या खुर्चीत. सर उभे राहिले. सुरुवात सुंदर झाली. उपनगरातल्या माणसाचे दिवसाचे किती तास नुसते येण्याजाण्यात जातात, हे सांगितलं. आम्ही एकमेकांकडे बघून माना डोलवतोय.

सर शेवटाकडे आले. "म्हणून अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघाच्या वतीने माझी एकच मागणी आहे, आणि ती म्हणजे..."

तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा वाजली. तिथे घंटेला कोणी भीक घालत नाही. माणसं घंटेनंतर निम्मं भाषण करतात. पण आमचे सर चटकन खाली बसले.

मोरेकाकांच्या हातातला पेढा हातातच राहिला. सर सभागृहाबाहेर आल्यावर बाईंनी फोन लावला, "अहो, मागणी राहिली की."

पलीकडून सर म्हणाले, "तास संपला होता."

*

शीळफाट्याच्या वाहतुकीवर सरांनी एकदा बैठक बोलावली होती. तीन खात्यांचे साहेब आलेले आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, रस्ता आमच्याकडे येत नाही. सर शांतपणे ऐकत होते. एकेकाला उभं करायचे, उत्तर ऐकायचे आणि म्हणायचे, "बसा. उत्तर अर्धं आहे."

बैठक लांबली. एक कार्यकारी अभियंता, चांगले पन्नाशीचे, केस पांढरे झालेले, खुर्चीत चुळबुळ करायला लागले. शेवटी राहवेना म्हणून उठले आणि त्यांनी सरांकडे बघून करंगळी वर केली.

केल्यावर त्यांच्या लक्षात आलं. चेहरा लालबुंद झाला. सरांच्या काहीच लक्षात आलं नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "लवकर या."

*

हे सगळं हसण्यावारी जायचं. पण एका गोष्टीवर मात्र पक्षाचे लोक खरंच चिडले होते. आमच्या ऑफिसात 'बघतो' म्हणायला बंदी होती. सरांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "उत्तरं तीनच. होईल, होणार नाही आणि मला माहीत नाही." लोक आशेने यायचे आणि सर तोंडावर 'होणार नाही' म्हणायचे. पक्षाच्या जिल्ह्याच्या नेत्यांचा फोन आला, "सर, हा नन्नाचा पाढा बंद करा. नुसतं बघतो म्हणायला काय जातं तुमचं? अशाने तिकीट जाईल."

सर म्हणाले, "पेपरात कोणी 'बघतो' लिहिलं तर मार्क द्यायचे का?"

मी त्या दिवशी सरांवर रागावले होते. तिकीट गेलं तर सगळंच गेलं. तेवढ्यात शीळच्या बाजूच्या गावातले एक आजोबा आले. त्यांच्या गावच्या बांधाचं काम सरांनी आधीच्या आठवड्यात नाकारलं होतं. मला वाटलं, भांडायला आले. तर त्यांनी पिशवीतून वालाच्या शेंगा काढून माझ्या टेबलावर ठेवल्या.

"काम झालं का आजोबा?" मी विचारलं.

"नाय झाला. पन मास्तर 'नाय' बोलला, आमी घरी गेलो. बाकीचे 'बगतो' बोलतान न आमची चपला झिजतान."

आतून सरांचा आवाज आला, "शेंगा परत द्या त्यांना." आजोबा तोपर्यंत जिना उतरून गेलेले. त्या संध्याकाळी बाईंनी उसळ करून सगळ्या ऑफिसला वाढली आणि सरांनी सगळ्यात जास्त खाल्ली.

*

तिकीट कसंबसं मिळालं. दुसरी निवडणूक लागली आणि आम्ही थोडक्यात पडलो. सर पडले, हे वाक्य अजून माझ्या तोंडून नीट निघत नाही. पडल्यापासून मोरेकाका कारणं शोधतायत. कधी म्हणतात ऊन होतं, कधी म्हणतात कल्याणने दगा दिला. मला कारण माहीत आहे, पण मी कोणाशी त्यावर बोलत नाही.

समोरचा उमेदवार होता हर्षद. आमच्याच शाळेचा, माझ्या दोन वर्षं मागे, सरांचा विद्यार्थी. हुशार पोरगा, पण उभं राहून बोलायचं म्हटलं की शाळेतसुद्धा घाबरायचा. मतदानाला थोडे दिवस उरले असताना डोंबिवलीतल्या सोसायट्यांनी मिळून सगळ्या उमेदवारांना एका व्यासपीठावर बोलावलं. हॉल भरलेला, बायकांची गर्दी जास्त. आमची अख्खी टीम देवाला एकच विनवत होती, प्रसूतिगृहाचा विषय निघू नये. सरांच्या काळात ते बंद पडलं होतं आणि खूप प्रयत्न करूनही सरांना ते सुरू करता आलं नव्हतं. बायाबापड्यांना रिक्षातून लांब जावं लागायचं. आमच्याकडे त्याला उत्तर नव्हतं.

हर्षद उठला. म्हणाला, "खासदारांची तीन मोठी अपयशं मी सांगणार आहे." पहिलं सांगितलं, कचरा. टाळ्या. दुसरं सांगितलं, फेरीवाले. टाळ्या. "आणि तिसरं," असं म्हणाला आणि थांबला. पुन्हा म्हणाला, "तिसरं." कपाळाला घाम आला. आमच्या पोरांनी मागून शिट्ट्या सुरू केल्या. मोरेकाकांचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला. त्यांनी हळूच माझा हात दाबला.

सरांनी मान वर करून मागच्या पोरांकडे बघितलं. शिट्ट्या थांबल्या. मग ते किंचित पुढे वाकले आणि हर्षदकडे बघत हलक्या आवाजात म्हणाले, "प्रसूतिगृह."

सरांच्या पुढ्यातला माइक चालू होता. सगळ्या हॉलने ऐकलं.

"हो सर," हर्षद म्हणाला, आणि मग तो जो बोलत सुटला, की पुढच्या रांगेतल्या बायकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

परतताना गाडीत मोरेकाका पुढे बसून डोळे पुसत होते. कोपरच्या पुलापर्यंत मी दम धरला, मग मला राहवेना. मी म्हटलं, "सर, आपली एवढी मेहनत... तुम्ही कशाला सांगितलंत त्याला?"

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू प्रश्नच त्यांना कळला नव्हता.

"अगं, मुलगा अडला होता."