कावळे मला ओळखत होते

वसंतात पक्ष्यांचे फोटो काढायचे म्हटलं की कोणाच्याही डोळ्यांपुढे हळद्या येतो, खंड्या येतो, मोहोरात दडून बसलेला कोकीळ येतो. मीही तिथूनच सुरुवात केली होती. मुंबईच्या मावसभावानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना माझ्या गळ्यात मारला. काळा, चौकोनी, डब्यासारखा. पोटाशी धरायचा, वरच्या इवल्याशा काचेत वाकून बघायचं, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. रत्नागिरीत तेव्हा फोटो म्हणजे लग्न झाल्यावर नवरा-नवरीनं रंगवलेल्या पडद्यापुढे ताठ उभं राहायची गोष्ट. कचेरीत कारकुनी करणारा माणूस रविवारी सकाळी आंब्याखाली मान वर करून तासन्‌तास उभा राहतो, हे पाहून शेजारीपाजारी मला अर्धवट समजायचे. मला त्याचं काही वाटत नसे.

पण त्या कॅमेऱ्याची एक खोड होती. जरा लांबचं काहीही त्यात मुंगीएवढं यायचं. कोठीच्या खोलीत कंदिलाला लाल कागद लावून मी रोल धुवायचो, फोटो छापायचो आणि वाळले की आईला दाखवायला न्यायचो. ती ते पडवीत उजेडाला धरून बराच वेळ शोधायची आणि म्हणायची, मोहोर छान आलाय. हळद्या कुठे आहे ते मी बोट ठेवून दाखवलं की विचारायची, पक्षी उडून जाईस्तोवर तू थांबतोस काय रे? वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, थोरली बहीण गुहागरला दिलेली, घरात आम्ही दोघंच. माझे फोटो बघणारं दुसरं कोणी नव्हतं आणि जे होतं ते असं होतं.

शेवटी मी कावळ्यांवर आलो. कावळा आकारानं मोठा, माणसाला धरून राहणारा, आणि पिल्लं असली की कितीही बिचकला तरी घरट्याकडे परत येतोच. त्या फाल्गुनात विहिरीजवळच्या रायवळ आंब्यावर डोमकावळ्यांच्या जोडीनं घरटं केलं, ते नेमकं गोठ्याच्या छपराच्या उंचीवर. मला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. गोठ्याला शिडी लावून, अंगावर गोणपाट ओढून मी छपरावर जाऊन बसू लागलो. आई खालून म्हणाली, "मेल्या, देवानं मोर केलान, पोपट केलान, आणि तुला मिळाला तो कावळा?"

खरं तर तिचं आणि त्या कावळ्यांचं जुनं सूत होतं. जेवायला बसण्याआधी ती विहिरीच्या कट्ट्यावर भाताचा घास ठेवायची आणि तिथंच उभी राहायची. कावळा तिच्या पदराच्या वाऱ्याला उतरायचा, घास उचलायचा, तिच्याकडे मान तिरकी करून बघायचा आणि जायचा. दोघांमध्ये भीडभाड अशी नव्हतीच. मी छपरावर चढू लागल्यापासून मात्र तिची पंचाईत झाली. मी घास घालते आणि तू त्यांच्या घरात डोकावतोस, त्यांनी या घराला चांगलं म्हणायचं की वाईट, असं ती मला विचारी.

त्यांनी ठरवलं ते असं, की आई चांगली आणि मी वाईट. गोणपाटाला ते एक दिवससुद्धा फसले नाहीत. मी शिडीला हात लावला की नर ओरडायचा, मादी पाठीमागून येऊन टाळूवर चोच मारून जायची. पुढे पुढे तर मी कचेरीत जायला निघालो तरी पाखाडीच्या शेवटच्या पायरीपर्यंत माझ्या डोक्यावर ओरडत यायचे. भर उन्हाळ्यात, संध्याकाळचं ऊन कलल्यावरही मी छत्री उघडून घरी येतो, यावर कचेरीत महिनाभर करमणूक झाली. बहीण माहेरपणाला आली होती, तिनं तर पोट धरधरून हसून घेतलं आणि मग स्वतःच मला छत्री धरून बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या फाटकापर्यंत, पोचवू लागली.

पण त्या छपरावर मला जे दिसलं ते त्याआधी कधी दिसलं नव्हतं. लहानपणापासून रोज कावळा पाहत होतो आणि एकदाही पाहिला नव्हता. दुपारी ऊन पानांतून थेट घरट्यावर यायचं तेव्हा मादी काठावर उभी राहून पंख अर्धवट पसरायची आणि चोच वासून, धापा टाकत, पिल्लांवर सावली धरून राहायची. ऊन सरकलं की तीही सरकायची. तिचा मी एक फोटो काढला आणि तो चक्क चांगला आला. आईला दाखवला. या वेळी तिला पक्षी शोधावा लागला नाही. फोटो उजेडाला धरून तिनं मादीच्या वासलेल्या चोचीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "हिला पाणी कोण देतो रे?" मी म्हटलं, नर चोचीतून आणतो. दुसऱ्या दिवसापासून कट्ट्यावर घासाशेजारी पाण्याची करवंटी दिसू लागली.

वैशाख लागला आणि आईला ताप आला. साधा ताप, असं वैद्य म्हणाले, मीही म्हणालो. बहीण गुहागरला परत गेली होती, तिला पुन्हा बोलावून घेतलं. आठवडाभरात आई गेली. शेवटचे दोन दिवस तिला शुद्ध नव्हती, त्यामुळे ती काही सांगून गेली नाही. मला त्या दिवसांत रडू असं आलंच नाही. सगळे म्हणतील ते करत होतो, सांगतील तिथं बसत होतो.

दहाव्याची जागा आमच्या आगराच्या मागेच, पुळणीवर. माडांची रांग संपली की मागचं बेडं, बेड्यापलीकडे वाळू आणि समुद्र. बायकांनी दहाव्याला यायची पद्धत नव्हती, म्हणून बहीण बेड्याच्या आत उभी राहिली. भटजींनी विधी केला, पिंड मांडला, आणि आम्ही सगळे मागे सरून कावळ्याची वाट पाहू लागलो. मला वाटलं, लगेच शिवेल. परसातलेच कावळे, तिच्या हातचं खाल्लेले.

कावळे आले. माडांवर बसले, ओरडले, पण कोणी खाली येईना. एक उतरला, वाळूवर दोन उड्या मारल्या, आमच्याकडे बघितलं आणि परत वर गेला. माझे केस, मिशी सगळं उतरवलेलं होतं. सकाळी शेजारच्या कुत्र्यानं मला अनोळखी समजून भुंकून घेतलं होतं. पण वरून येणारा तो आवाज माझ्या पूर्ण ओळखीचा होता. शिडीला हात लावल्यावर येई तोच.

आणि मग, कावळा अडला की जे सुरू होतं ते सुरू झालं. आईची काय इच्छा राहिली असेल, याचा शोध. आत्याचे यजमान पुढे होऊन म्हणाले की मुलाचं लग्न आम्ही वर्षाच्या आत करू. कावळा हलला नाही. मामा म्हणाले, मुलीचं माहेरपण तुटणार नाही. भटजींनी गोदानाचं सुचवलं. ऊन चढत होतं, वाळू तापत होती, आणि एकेक जण येऊन पिंडाला हात जोडून स्वतःच्याच मनातलं तिच्या नावावर सांगत होता. गेलेल्या माणसाला किती सहज सगळ्यांच्या मताचं करून टाकता येतं, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

शेवटी काका माझ्याकडे वळले. वडिलांच्या मागे घराण्यातलं मोठं माणूस तेच. ते म्हणाले, "ते कॅमेऱ्याचं खूळ तिला बघवत नसे. म्हण, आई, आजपासून हात लावणार नाही."

नाही म्हणायला मला जड गेलं आणि हो म्हणायला त्याहून जड. कॅमेऱ्याचा एवढा लोभ नव्हता. त्या क्षणी कोणी म्हटलं असतं समुद्रात टाक, तर टाकला असता. पण तसं म्हणायचं म्हणजे आई माझ्यावर नाराज होऊन गेली असं तिच्या पिंडापुढे कबूल करायचं. करवंटीत पाणी ठेवणारी ती. ते खोटं होतं, आणि तिच्या बाबतीतलं शेवटचं वाक्य खोटं असावं हे मला सहन होईना. दुसरीकडे कावळा शिवत नव्हता. मी या गोष्टी मानत होतो की नव्हतो, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. पण माझी आई तिथं अडकून पडली आहे असं सगळी माणसं म्हणत असताना ते कानाआड करणं मला जमेना. भटजी दर्भाचा कावळा करायची भाषा बोलू लागले. मला ते नको होतं. मी हात जोडले आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात बहीण बेड्याबाहेर आली. काका काही बोलणार तोवर ती माझ्याजवळ पोचलीसुद्धा. हळू आवाजात म्हणाली, "शपथ नको घेऊस. तू इथनं जा बघू आधी. तुला बघून येत नाहीयेत ते."

मी काकांकडे पाहिलं नाही. वाळूवर ओढून ठेवलेला एक पडाव, मोठी होडी, थोडा लांब होता, त्याच्या आडोशाला जाऊन समुद्राकडे तोंड करून बसलो. एकुलता एक मुलगा, पिंडाला पाठ करून. मागे आवाज थांबले. मग पंखांची फडफड झाली, आणि माणसांनी एकदम सोडलेला श्वास तिथवर ऐकू आला. कोणीतरी म्हणालं, शिवला. त्या वसंतात मी इतके कावळे पाहिले, आणि हा मात्र मी सोडून सगळ्यांनी पाहिला.

बहीण मला न्यायला आली. काका काय म्हणतात असं मी विचारलं नाही. कोणता आला, एवढंच विचारलं. ती म्हणाली, आपल्या परसातला, तू वळलास तसाच खाली आला, इकडेतिकडे बघितलंनसुद्धा नाही. ताटकळला होता बिचारा. मग ती पडावाला टेकून माझ्याशेजारी वाळूवर बसली आणि म्हणाली, "तू आल्याबिगर कधी जेवली नाही रे ती. आज तू गेल्याबिगर जेवली नाही."

तेव्हा मला रडू आलं.