रेडिओच्या लायसनचा तिसरा अर्ज

अजूनही गल्लीतलं कुणी फॉर्म भरून द्या म्हणून आलं की मी आधी विचारते, खरं लिहायचंय ना? लोक हसतात. त्यांना वाटतं, म्हातारी मास्तरीणबाई थट्टा करतेय. मी थट्टा करत नाही. उभ्या आयुष्यात सरकारी कागदावर मी एकदाच खोटं लिहिलं, तेही आंधळ्या बापाच्या नावानं. त्या एका ओळीपायी पुढं जे काही झालं ते आठवलं की अजून माझा तिळपापड होतो. सरकारवर कमी, माझ्यावरच जास्त.

आम्ही तेव्हा भूमला राहायचो. निजामाचं राज्य जाऊन पाचेक वर्षं झाली होती. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळं घरात अब्बा आणि मी दोघंच. मी मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते. अब्बा घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणजे डोळे होते तोवर. काचबिंदूनं आधी एक डोळा नेला, मग दुसरा. दुकान बंद करून ते घरी बसले, आणि रोज सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवणं हे माझं काम झालं. जाहिरातीसकट सगळा वाचायचा. एखादी ओळ गाळली तर त्यांना कशी कोण जाणे, कळायची.

निजामाच्या अमलात त्यांनी एक रेडिओ घेतला होता, लाकडी पेटीचा, बॅटरीवर चालणारा. गाण्यांचा त्यांना फार शौक होता असं नाही. रेडिओ घेतला तो वेळेसाठी. बातम्यांच्या आधी वेळेचे ठोके पडत आणि शेवटच्या ठोक्याला अब्बा दुकानातल्या सगळ्या घड्याळांचे काटे लावत. गावात ज्यांच्याकडं घड्याळ होतं ती मंडळी सकाळी खिडकीशी उभी राहून आपापलं घड्याळ जुळवून जात. तहसील कचेरीत तासाचे टोल देणारा शिपाईसुद्धा यायचा. गावाला वेळ आपण देतो याचा अब्बांना भारी अभिमान होता.

मग रझाकारांची धामधूम आली, तिच्या मागोमाग पोलीस ॲक्शन. ज्याच्या घरात वायरलेस आहे तो बातम्या पोचवतो, अशी बोलवा उठली. आमच्यासारख्या घरात रेडिओ असणं म्हणजे जिवाशी खेळ झाला. एका दुपारी अब्बांनी दार लावलं, रेडिओ मेणकापडात आणि दोन गोधड्यांत गुंडाळला आणि बळदात, म्हणजे धान्य साठवायच्या अंधाऱ्या खोलीत, ज्वारीच्या खाली नेऊन ठेवला. दिवस निवळले तरी तो वर आला नाही. आम्ही दोघंही त्याचं नाव काढत नव्हतो.

डोळे गेल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, पेपर वाचून झाल्यावर, अब्बा म्हणाले, "बेटा, रेडिओ वर काढायचा. पण आधी लायसन." आम्ही घरात दखनी बोलायचो, इथं मी बहुतेक मराठीतच लिहिते.

मी म्हटलं, "आधी चालतो का तरी बघू."

"नाही. चोरून ऐकायचं असतं तर बळदात उतरून ऐकलं असतं. मला खिडकी उघडून ऐकायचंय."

त्यांच्या हातात त्यांचं खिशातलं घड्याळ होतं. डोळे गेल्यावर त्यांनी त्याची काच काढून टाकली होती आणि काट्यांवरून अलगद बोट फिरवून ते वेळ ओळखायचे. पण घड्याळ रोज थोडं मागं पडायचं आणि जुळवून घ्यायला खात्रीची वेळ नव्हती. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वतःच्या घड्याळाचा भरवसा राहू नये, हे त्यांना फार लागत होतं. तेव्हा मला ते पुरतं समजलं नव्हतं.

रेडिओचं लायसन पोस्टात मिळायचं. फॉर्म आणला. नाव, बापाचं नाव, पत्ता, सेट कुठल्या बनावटीचा, नंबर काय, कुणाकडून घेतला, कधीपासून ताब्यात आहे. अब्बांनी पत्र्याच्या डब्यातून निजामाच्या वेळचं उर्दू लायसन काढून माझ्या हाती दिलं आणि म्हणाले, "जैसा है वैसा लिख." ताबा कधीपासून? "आबान महिना," ते म्हणाले, आणि पुढं फसली, म्हणजे निजामाच्या कालगणनेतलं, साल सांगितलं. जन्मभर त्यांनी महिने मोजले ते आजुर, दय, बहमन असेच, कारण निजाम सरकारचे सगळे कागद त्याच हिशेबानं चालत. मी शाळेत पोरींना जानेवारी-फेब्रुवारी शिकवत होते, पण अब्बा सांगायला लागले की माझ्या डोक्यातही आबान हा महिनाच असायचा. सांगितलं तसं लिहून दिलं.

तीन आठवड्यांनी अर्ज उस्मानाबादहून परत आला. वर लाल शाईनं शेरा होता: असा महिना नाही, योग्य तारीख लिहावी, मधल्या काळाचा खुलासा करावा.

माझं डोकं फिरलं. काल-परवापर्यंत अख्खा मुलूख ज्या महिन्यांत पगार घेत होता, ते महिने नाहीतच म्हणे! पोस्टमास्तर साताऱ्याकडचे, स्वभावानं भले गृहस्थ. ते म्हणाले, "बाई, कशाला वाद घालता? हे फसली प्रकरण साहेबांच्या टाळक्यात शिरायचं नाही. मागच्या महिन्यात बार्शीला एकाकडून जुना सेट घेतला, पावती नाही, एवढंच लिहा. पंधरा दिवसांत लायसन तुमच्या हातात."

मी तिथंच, पोस्टाच्या टेबलावर, दुसरा फॉर्म भरला. मागचा महिना, बार्शी. अब्बांची सही लागणार होती म्हणून कागद घरी आणला. ते म्हणाले, वाच. मी कागद हातात धरला आणि पहिला अर्ज तोंडपाठ म्हणून दाखवला. आबान, फसली साल, सगळं. ते मान डोलवत होते. मी त्यांचं बोट सहीच्या जागेवर टेकवलं आणि त्यांनी त्यांच्या वळणदार उर्दूत सही केली. मला लाज वाटली, नाही असं नाही. पण म्हटलं, त्यांना रेडिओ ऐकायला मिळाल्याशी कारण.

पंधरा दिवसांनी लायसनच्या ऐवजी, पावती नाही म्हणून सेट तपासायला, इन्स्पेक्टर आला. रविवारची दुपार होती. एसटीच्या धुळीनं माखलेला, हातात कातडी बॅग, वयानं माझ्याहून थोडाच मोठा. पाणी पिऊन तो म्हणाला, सेट दाखवा. आदल्याच आठवड्यात मी रेडिओ वर काढून फडक्यानं पुसून ठेवला होता. त्यानं नंबर ताडून पाहिला आणि अर्ज मोठ्यानं वाचायला घेतला. "मागील महिन्यात, बार्शी येथे, जुना सेट खरेदी."

मी भिंतीला टेकून उभी होते. अब्बा बाजेवरून उठले.

"साहेब, ह्यो कागद चुकलाय," ते मराठीत म्हणाले. "रेडिओ माझा हाय, निजामाच्या वक्तापासनं. पाच साल ज्वारीखाली हुता. पोरीनं लिहिलं, पर सांगणारा मी. गुन्हा माझा."

"पाच वर्षं विनालायसन सेट बाळगला? आणि वर खोटी माहिती?"

"ऐकला न्हाय, साहेब. एक दिस न्हाय."

"ऐकला की नाही, हे कायदा विचारत नाही, चाचा. ताब्यात होता ना?"

"व्हय. ताब्यात हुता."

इन्स्पेक्टर माणूस वाईट नव्हता. सेट उचलून नेला असता तर त्याला कुणी अडवलं नसतं. त्यानं पेटीला सुतळी बांधली, गाठीवर लाखेचं सील ठोकलं आणि बजावलं की निकाल लागेस्तोवर हात लावायचा नाही. निकाल विरुद्ध गेला तर सेट जप्त होईल. तो गेल्यावर घरभर लाखेचा वास राहिला. मी अब्बांच्या रागावण्याची वाट पाहत बसले.

ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर उघडला तर म्हणाले, "राहू दे." तिसऱ्या दिवशीही तेच. त्यांना ठाऊक होतं, सहीच्या दिवशी मी कागद समोर धरून भलतंच म्हणून दाखवलं होतं. आता मी काही वाचलं तरी ते खरं कशावरून? पेपर घडीसकट कोनाड्यात साठत गेले. त्यांनी मला थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

आठवडाभर रडून घेतलं आणि मग पदर खोचला. तिसरा अर्ज असा करायचा की त्यात बोट ठेवायला जागा राहू नये. गावच्या मुन्शींकडून उर्दू लायसनचा मराठी तर्जुमा करून घेतला. पाटलाला आणि दोन शेजाऱ्यांना बळदात उतरवून पंचनामा केला. पाटील बाहेर आले ते भुशानं माखून. म्हणाले, "बाई, हितं उंदरालाबी ऐकू गेलं नसंल." मी म्हटलं, तसंच लिहा. त्यांनी खरोखर तसंच लिहिलं.

राहिली तारीख. शाळेतून रजा काढून उस्मानाबादला गेले. पहिल्या खिडकीतला कारकून म्हणाला, "घरात कुणी पुरुषमाणूस नाही का?" मी म्हटलं, "आहे. ते मला पाठवतात." त्यानं दुसरीकडं धाडलं, दुसऱ्यानं तिसरीकडं. दुसऱ्या खेपेला महसूल दप्तरात एक म्हातारे कारकून भेटले. जमिनीचे सगळे जुने कागद फसलीतलेच, त्यामुळं त्यांना ते पाठ होतं. मी आबान म्हटल्याबरोबर ते हसले. "असा महिना न्हाय म्हनतेत? सांगा त्यांना, आमी त्याच महिन्यात जन्मलोय." बोटांची पेरं मोजून त्यांनी इंग्रजी साल काढलं आणि महिना लिहिला: सप्टेंबर. खाली सही केली, शिक्का मारला. ज्या महिन्यात रेडिओ घरात आला, त्याच महिन्यात काही वर्षांनी तो बळदात गेला होता, हे मला तिथं उभ्या उभ्या उमगलं.

मधल्या काळाच्या खुलाशात मी लिहिलं: भीतीपोटी लपवून ठेवला. आणि खाली आणखी एक ओळ घातली: दुसऱ्या अर्जातील माहिती खोटी असून ती माझ्या वडिलांनी सांगितलेली नाही, ती मी त्यांना न कळवता लिहिली.

या खेपेला अब्बांना हाताला धरून पोस्टात नेलं आणि कागद पोस्टमास्तरांपुढं ठेवला. म्हटलं, "तुम्ही वाचून दाखवा. माझं वाचणं आता त्यांना चालत नाही."

मास्तरांनी वाचलं. शेवटच्या ओळीशी ते थबकले. "बाई, ही ओळ काढा. तुम्ही सरकारी नोकरीत. यावर तुमची नोकरी जाऊ शकते. खरं तर तो सल्ला माझाच होता."

"सल्ला तुमचा होता. लिहिलं मी. पुढं वाचा."

त्यांनी वाचून पुरं केलं. अब्बांनी टाक मागितला. मग सही केली. घरी येताना काठी त्यांनी काखेत मारली आणि सगळी वाट माझा दंड धरून चालले. पण दुसऱ्या सकाळी पेपर पुन्हा कोनाड्यातच गेला.

दोन महिने काही कळलं नाही. शाळेत टपाल आलं की मी आधी लिफाफ्यांवरची नावं बघायचे. वाटायचं, आपल्याच नावाचा कागद असणार. मग एका शुक्रवारी पोस्टमास्तर स्वतः घरी आले. हातात एक लिफाफा, त्यात लायसनचं पुस्तक आणि हुकुमाचा कागद. दंड भरून लायसन मंजूर. त्यांनी स्वतः सुतळी कापली, सील काढलं आणि अब्बांच्या हातात लिफाफा दिला. अब्बांनी तो न उघडता सदऱ्याच्या खिशात घातला.

बार्शीहून मेकॅनिक आला, आतला एक दिवा, म्हणजे व्हॉल्व्ह, बदलला, नवी बॅटरी जोडली आणि छपरावर बांबूला तार बांधली. दुसऱ्या सकाळी अब्बांनी रस्त्याकडची खिडकी उघडायला लावली. दोन्ही फळ्या उघड, म्हणाले. आधी नुसती खरखर झाली, मग आवाज लागला, मग ठोके सुरू झाले. काच नसलेल्या घड्याळाच्या काट्यावर त्यांचं बोट होतं. शेवटच्या ठोक्याला त्यांनी काटा सरकवला. बाहेर कचेरीतला तो शिपाई येऊन उभा होता. पाच वर्षांत चांगलाच म्हातारा झाला होता. त्यानं आपलं घड्याळ काढून जुळवलं आणि अब्बांना दिसत नाही हे विसरून सलाम करून गेला.

बातम्या संपल्यावर अब्बांनी रेडिओ बंद केला. खिशातून लिफाफा काढून माझ्यापुढं धरला. "वाच."

मी वाचायला लागले. नाव, बापाचं नाव, पत्ता, सेटचा नंबर. ताबा, सप्टेंबरपासून. मग हुकुमाचा कागद. विनालायसन सेट बाळगल्याबद्दल दंड. आणि त्याखाली, अर्जदाराच्या मुलीनं... तिथं मी थांबले.

"थांबलीस का? जैसा है वैसा पढ."

"अर्जदाराच्या मुलीनं खोटी माहिती लिहिली," मी वाचलं. "तिनं ती लेखी कबूल केल्यामुळं सक्त ताकीद देऊन प्रकरण बंद करण्यात येत आहे."

"इतकंच?"

"इतकंच, अब्बा. खाली सही आहे."

त्यांनी हात पुढं करून कागद परत घेतला, चाचपून घडी केली आणि खिशात ठेवला. मग टेकून बसले.

"आता पेपर आण," ते म्हणाले.