पळीपापड्यांची गच्ची

महेशने काउंटरवर ठेवलेला काळ्या डांबरी शीटचा तुकडा सगुणाबाईंनी उचलला आणि सरळ नाकाला लावला.

"मावशी, ती हुंगायची नसते," महेश म्हणाला. सातपूरमधल्या त्याच्या दुकानात स्लॅबची गळती थांबवायचं सामान मिळायचं. गिऱ्हाईक म्हणजे सगळे कंत्राटदार. "बर्नरने तापवून चिकटवली की झालं. वर्षानुवर्षं बघायला नको."

"हिच्यावर पळीपापड्या वाळतील का?"

महेशने शेजारी उभ्या असलेल्या संतोषकडे, त्यांच्या मुलाकडे पाहिलं. संतोष रस्त्यावरची बस फार लक्ष देऊन बघत होता.

"मावशी, ही शीट माणसांच्या डोक्यावर असते. पापडाखाली नाही."

"माझ्या घरात पापड डोक्यावरच असतो," सगुणाबाई म्हणाल्या आणि तुकडा पिशवीत टाकला. "नमुना नेते. उद्या सांगते."

स्कूटरवर बसता बसता संतोष म्हणाला, "आई, सरळ पत्रा टाकू. एका दिवसात काम."

"पत्र्यावर चढू कशी? मांजर हाय का मी?"

सगुणाबाई लग्न होऊन चांदवडकडच्या खेड्यातून इथे आल्या, तेव्हा त्यांचा नवरा कंपनीत लेथवर होता. घर एका खोलीचं. रात्रपाळी असली की तो दिवसा झोपायचा, आणि सगुणाबाईंचा संसार मुका व्हायचा. पातेली फडक्यावर उतरवायच्या. कुकर शिट्टी द्यायच्या बेतात आला की गॅस बंद. संतोषला रागवायचं तेही डोळ्यांनी. नवरा गेला, संतोषने त्याच जागेवर दुमजली घर बांधलं. आता हॉलमध्ये सून हर्षाली लॅपटॉप घेऊन बसते आणि एक हात वर करून म्हणते, "आई, जरा हळू. मीटिंग चालू आहे."

तिची चूक नाही. काम आहे तिचं. पण एका दुपारी तो वर केलेला हात बघून सगुणाबाईंनी धुतलेलं पातेलं पुन्हा फडक्यावर ठेवलं, आणि आपण हे काय केलं, म्हणून तिथेच उभ्या राहिल्या.

त्यानंतर परसबागेत, पेरू आणि शेवग्याच्या मधे, त्यांची खोली उभी राहिली. वर सपाट स्लॅब, कारण मोठ्या घराच्या गच्चीवर सोलरचे पॅनल बसले होते आणि वाळवणाला जागा उरली नव्हती. खोलीत एक खाट, एक शेगडी, आणि भांडी घासायला दगडाची मोरी. तिथे त्या ताटं अशी आपटायच्या की शेजारचे विचारायचे, भांडण झालं का.

गेल्या पावसाळ्यात स्लॅब गळला. बरोबर खाटेवर.

संतोषने नवी गाडी घेतली होती आणि ती रस्त्यावर उन्हात उभी असायची. "यंदा गळली, तर खोली पाडायची, तिथे गाडी लावायची आणि तू घरात यायचं," तो म्हणाला. "चालेल," सगुणाबाई म्हणाल्या. शब्द देऊन बसल्या होत्या.

म्हणून आता छतावर काय घालायचं, ते त्याच ठरवणार होत्या.

डांबरी तुकडा त्यांनी कुंपणाच्या भिंतीवर उन्हात ठेवला. त्यावर, मधे काही न अंथरता, एक पापड. एप्रिलचं ऊन. संध्याकाळी पापड तळला आणि दुसऱ्या दिवशी डब्यातून महेशच्या दुकानात नेला. त्याने अर्धा खाल्ला, थांबला, आणि उरलेला हळूच बिलबुकाखाली सरकवला.

"वर टाइल बसवता येते, मावशी."

"मग टाइलच विक ना."

हर्षालीने मोबाइलवर बघून पांढरा रबरी रंग सुचवला. तो खरंच गार राहत होता. सगुणाबाईंनी तळवा टेकवून पाहिला आणि मान्य केलं. मग नमुन्याला रंगवलेल्या फरशीवरून खाटेचा पाय ओढला. रंगाची साल निघाली.

"आई, गच्चीवर खाट कोण ओढतं?"

"मी."

रविवारी गोरक्ष आला. सगुणाबाईंचा भाचा, गवंडी. हा स्लॅब त्यानेच टाकला होता, त्यामुळे संतोष आधीच फुरंगटून बसला होता.

"आत्या, कोबा टाकू," गोरक्ष म्हणाला. "विटांचे तुकडे दाबून बसवायचे, वरून सिमेंटचा माल, मग घोटून गुळगुळीत. वजन पेलंल स्लॅबला, मीच टाकलाय. खाट ओढ, नाहीतर नाच. पण उतार द्यावा लागंल."

"उतार नको."

"मग मी चाललो."

"ऐक ना, आई," संतोष उसळला. "ह्याच्याच हातचं काम गळलं, आणि पुन्हा ह्यालाच—"

"त्याच्या हातचं नाय," सगुणाबाई म्हणाल्या. "माझ्या तोंडचं. तो उतार देत होता, मीच देऊ दिला नाय. परातीत पाणी घेऊन वर चढले, परात खाली ठेवली आणि पाणी एका अंगाला गेलं की तिकडचा कोपरा उचलायला लावला."

"पण का?"

"पळीपापडीचं पीठ पातळ असतं. पळीनं ओतलं की उतारानं पळतं. मला गोल पापडी पाहिजे होती."

संतोषने डोक्याला हात लावला. गोरक्ष खाली बघून चपलेतली माती काढत राहिला. वर्षभर त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं.

"आणि तू एवढे दिवस मला त्याला बोलू दिलंस?" संतोषने विचारलं.

"दिलं. आता तुझं बोलून झालं का?"

त्या आत गेल्या, साबुदाण्याचं पीठ शिजवलं, लाकडी फळीवर प्लॅस्टिक अंथरलं. "गोरक्ष, तुला पाहिजे तेवढा उतार दे हिला." गोरक्षने फळीच्या एका टोकाखाली सिमेंटच्या गोणीचा कागद घडी करून सरकवला. सगुणाबाईंनी पळी ओतली. पीठ थोडं सरकलं आणि थबकलं. पापडी गोल नाही, जरा लांबट. अंड्यासारखी.

वाकून बघत त्या फळीभोवती एक चक्कर मारून आल्या.

"लांबट तर लांबट. खाणाऱ्याच्या घशात अडकायची नाय. टाक कोबा. पण पाण्याची परीक्षा माझ्यासमोर."

कोबा झाला, कोपऱ्यांना गोलाई आली, पाणी काढायला पेरूच्या बाजूला पाइप बसला. माल पक्का झाल्यावर गोरक्षने पाइपात बोळा कोंबला, कडेने मातीचे बांध घातले आणि नळी लावून गच्ची भरली. वर तळं झालं. शेवग्याची फुलं त्यात पडून फिरू लागली.

खाली सगुणाबाईंनी खाट ओढून नेमकी जुन्या डागाखाली ठेवली. तिच्यावर धुतलेली पांढरी चादर अंथरली आणि आडव्या झाल्या.

"आई, बाहेर बस ना," हर्षाली दारातून म्हणाली. "वर एवढं पाणी आहे."

"गळलं तर पहिला थेंब मला कळला पाहिजे. शब्द मी दिलाय."

दोन दिवस त्यांचा मुक्काम त्या पाण्याखालीच होता. दुसऱ्या दिवशी कंपनीतली पाळी संपवून संतोष आला. स्टुलावर चढून त्याने छताला तळवा लावला, कोपरान् कोपरा चाचपला, हात नाकाशी नेला. मग वाकून चादर पाहिली. कोरडी.

"नाही गळली," तो म्हणाला. आवाजात थोडा पराभव होता, थोडं हायसंही. आईला हॉलमध्ये गप्प बसलेली बघायची त्यालाही फार हौस नसावी.

"माहीत हाय."

"मग गाडी, आई? उन्हात तापते ती."

"तिला पत्रा टाक. एका दिवसात काम." सगुणाबाई उठल्या, साचलेली भांडी मोरीवर ओढली आणि पहिलं पातेलं दगडावर आपटलं. "तिला कुठं पापड घालायचेत?"

घरातून हर्षालीचा आवाज आला, "आई, मीटिंग आहे—"

"खिडकी लाव, बाळ," सगुणाबाई ओरडल्या, आणि दुसरं पातेलं घेतलं.